स्पेस ऑपेरातील दुय्यम मेकॅनिक : त्याच्या जागी आचारी असता तर?

अपूर्णांक :

नमस्कार. मी सध्या स्पेस ऑपेरा (अंतराळातील भव्य साहसकथा) प्रकारातील एका कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्यावर काम करीत आहे आणि त्यातील एका दुय्यम पात्रापाशी माझे घोडे अडले आहे. कथानक थोडक्यात सांगतो. दोन ग्रहसंघांमध्ये युद्ध पेटले आहे, त्यात तटस्थ राहू पाहणारे एक जुनाट मालवाहू यान आहे, एका पदच्युत राज्यकर्त्याची मुलगी त्यावर लपून आलेली आहे आणि तिच्या मागावर अख्खे आरमार लागले आहे. कप्तान, वैमानिक, ती मुलगी आणि डॉक्टर ही चार प्रमुख पात्रे आहेत. यांखेरीज यानावर एक मेकॅनिक आहे. सगळे त्याला ‘मिस्त्री’ म्हणतात. त्याचे नाव मी कुठेच दिलेले नाही.

मिस्त्री एकूण तीन प्रसंगांत येतो. पहिल्या प्रसंगात, यान गोदीत असताना, तो कप्तानाला सांगतो की शीतकरणाचे काम अर्धवट राहिले आहे, आज निघू नका. आणि कप्तान अर्थातच निघतो. दुसरा प्रसंग लढाईच्या ऐन भरातला आहे. प्रकाशवेगापलीकडे नेणारे मुख्य इंजिन बंद पडते आणि मिस्त्री ते वीस मिनिटांत पुन्हा चालू करतो; मात्र तिथे मी वाचकाला खाली इंजिनघरात नेलेलेच नाही, सारे काही वरच्या नियंत्रणकक्षातूनच दिसते. तिसऱ्या प्रसंगात गळती होते, तो स्वतःला हवाबंद दारामागे कोंडून घेऊन ती थांबवतो आणि मरतो. त्या मृत्यूमुळे कप्तानाचे मन पालटते व तो युद्धात उतरतो.

हस्तलिखित वाचलेल्या दोघांनाही मिस्त्री आवडला. परंतु त्यांपैकी एकीने विचारले की, त्याच्या जागी यानावरचा आचारी असता तर कथेत नेमका काय फरक पडला असता? मी निरुत्तर झालो. ‘आज निघू नका’ असे आचारीही म्हणू शकला असता आणि दार लावून घेऊन आचारीही मरू शकला असता.

तेव्हा जाणकारांचे मत हवे आहे. जे इंजिन अस्तित्वातच नाही आणि भौतिकशास्त्राच्या आजच्या आकलनानुसार असूही शकत नाही, त्याच्या दुरुस्तीविषयी एखाद्या मेकॅनिकला खरे असे काय ठाऊक असू शकते? तांत्रिक तपशील किती द्यावा, म्हणजे तो पोकळही वाटणार नाही आणि वाचकाला जडही जाणार नाही? आणि त्याचा मृत्यू ठेवावा का? त्याला मुख्य पात्र करण्याची माझी इच्छा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.


निशाचर वाचक :

आपल्या वाचक मैत्रिणीने अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. मात्र तिच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच हस्तलिखितात पडून आहे, असे मला वाटते.

पहिल्या प्रसंगात शीतकरणाचे काम अर्धवट आहे. दुसऱ्या प्रसंगात इंजिन बंद पडते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही, हे आपल्या निवेदनातून कळत नाही. आणि संबंध नसेल, तर मिस्त्रीचे पहिले वाक्य केवळ अपशकुनासारखे हवेत राहते. निर्वातात यानाला सर्वांत मोठी अडचण थंडीची नसते, तर उष्णता बाहेर टाकण्याची असते. भोवती हवा नाही, पाणी नाही, त्यामुळे वहन किंवा अभिसरण यांनी उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. जी काही जाते ती फक्त प्रारणाने, आणि त्यासाठी मोठमोठ्या पट्ट्या यानाबाहेर पसराव्या लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे छायाचित्र पाहिल्यास सौरपट्ट्यांखेरीज दिसणाऱ्या पांढऱ्या, घडीच्या पट्ट्या याच कामासाठी आहेत आणि त्यांच्यातून द्रवरूप अमोनिया खेळवलेला असतो. आता विचार करा : जुने यान, अर्धवट शीतकरण, पाठीमागे शत्रू आणि इंजिनावर पूर्ण भार. अशा वेळी इंजिन ‘बंद पडते’ असे कशाला म्हणायचे? ते मिस्त्रीने स्वतः बंद करावे. आणखी चार मिनिटे चालले तर ते कायमचे निकामी होईल, हे यानावर फक्त त्यालाच कळते आहे, आणि कप्तानाला न विचारता तो कळ खाली ओढतो. वरच्या कक्षातल्या चौघांच्या दृष्टीने हा विश्वासघात ठरतो. हे आचाऱ्याला करता येणार नाही.

इंजिन काल्पनिक असले म्हणून त्याच्या भोवतालचे सारे काल्पनिक असावे लागत नाही. ते कोणत्या तत्त्वावर चालते हे आपण वाटेल ते ठरवा, किंवा ठरवूच नका. पण ते कशावर तरी बोल्टने बसवलेले असणार, त्याला वीज कुठून तरी येत असणार, ते तापत असणार आणि ज्या बाजूला बिघाड झाला आहे नेमक्या त्याच बाजूला हात घालायला जागा नसणार. ‘प्रवाहाचे ध्रुवीकरण उलटे केले’ अशा वाक्याने वाचकाच्या पदरी काही पडत नाही. दुसरे काय करता आले असते आणि ते का केले नाही, हे त्याला ठाऊक नसेल, तर दुरुस्ती झाली काय आणि न झाली काय, त्याच्या लेखी सारखेच.

याच्या उलट एप्रिल १९७० मधील अपोलो १३ ची हकीकत पाहा. प्राणवायूची टाकी फुटल्यावर तिघा अंतराळवीरांना चांद्रयानाचा आसरा घ्यावा लागला. ते दोघांसाठी आणि कमी दिवसांसाठी बनवलेले होते, त्यामुळे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे त्यातले डबे पुरणार नव्हते. मुख्य यानातले डबे शिल्लक होते, परंतु ते चौकोनी होते आणि चांद्रयानातल्या खाचा गोल. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांतून जोडणी कशी करायची ते शोधून काढले, आणि यानातल्यांनी रेडिओवरून एकेक पायरी ऐकत ती हाताने केली. रसायनशास्त्र कळो वा न कळो, चौकोनी वस्तू गोल भोकात बसत नाही हे कोणालाही कळते. तांत्रिक तपशील किती द्यावा, याला माझ्यापुरती हीच मोजपट्टी आहे : अडचण हाताला कळेल अशी असावी.

आणखी एक. बंद यानात दुरुस्तीला लागणारी वस्तू आकाशातून पडत नाही, ती दुसरीकडून काढूनच आणावी लागते. मिस्त्री मुख्य इंजिनासाठी जो पंप लावील तो कुठला? डॉक्टरच्या शस्त्रक्रियेच्या खोलीचा, की त्या मुलीला जिथे लपवले आहे त्या कोठाराचा? प्रत्येक दुरुस्तीत कोणाचे तरी काहीतरी जाऊ द्या, म्हणजे मिस्त्री दुय्यम राहूनही बाकीच्या चौघांच्या कथेत शिरेल.

(जाता जाता : ‘दोन तास लागतील’ असे मेकॅनिक म्हणतो, ‘एका तासात कर’ असे कप्तान फर्मावतो आणि काम पाऊण तासात होते, हा विनोद कृपया टाळावा. स्टार ट्रेकच्या १९८४ मधल्या तिसऱ्या चित्रपटात यानाचा अभियंता स्कॉटी याच्या चौपट फुगवलेल्या अंदाजांची थट्टा होऊन गेली आहे. त्यानंतर त्यात फारसा रस उरलेला नाही.)


चौथा इंजिनिअर :

मी विज्ञानकथा लिहीत नाही, वाचतो. पोटापाण्यासाठी मात्र मी अनेक वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत, तेव्हा त्या अनुभवातून जे सुचते ते लिहितो.

सर्वप्रथम, ‘यानाचा मेकॅनिक’ अशी कोणी व्यक्ती नसते. कोणत्याही मोठ्या जहाजावर यंत्रे वाटून दिलेली असतात. जहाजागणिक थोडाफार फरक पडतो, तरी साधारणपणे मुख्य इंजिन सेकंड इंजिनिअरकडे, जनरेटर थर्डकडे आणि इंधन शुद्ध करणारी यंत्रे, पंप, कॉम्प्रेसर आणि संडासाच्या सांडपाण्याची व्यवस्था फोर्थकडे असते. आपल्या यानावर एवढी माणसे नसतील हे मान्य, पण मिस्त्रीला सगळेच येते असे दाखवू नका. त्याला एक यंत्र द्या. माझे मत विचाराल तर शीतकरणाचा पंप द्या आणि जोडीला संडास द्या, कारण अंतराळात तोही पंपांच्या आणि पंख्यांच्या जिवावरच चालतो. मुख्य इंजिन आतून कसे चालते ते त्याला ठाऊक नसले तरी बिघडत नाही. त्यामुळे आपल्यालाही ते ठाऊक असण्याची गरज उरणार नाही, हा त्यातला आयता फायदा.

दुसरी गोष्ट कानांची. इंजिनरूममध्ये काम करणारा माणूस झोपेत आवाज ऐकत असतो असे म्हणणे बरोबर नाही. तो आवाज बदलला की जागा होतो. बेअरिंगची तब्येत पाहायची असेल तर आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाशी धरतो. चांगले बेअरिंग एकसारखे सळसळते. खराब होऊ लागलेल्यात मध्येच बारीक खरखर येते, आणि ती ठरावीक अंतराने आली तर गोळी किंवा तिची वाट खरवडली गेली आहे असे समजावे. आपल्या यानावर शंभर संवेदक असतील, तरी मिस्त्रीने हे करावे. वजनरहित अवस्थेत तर आवाजाला आणखी महत्त्व येते. तिथे गरम हवा वर जात नाही, म्हणून हवा आपणहून मिसळत नाही. पंखा थांबला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. यानावर शांतता पसरली की मिस्त्रीच्या छातीत धस्स झाले पाहिजे.

तिसरी गोष्ट हातांची. जमिनीवर पाना फिरवताना आपले वजन आपल्याला धरून ठेवते. वजन नसेल तर बोल्ट फिरत नाही, आपण फिरतो. आधी पाय कुठेतरी अडकवायचे, एका हाताने स्वतःला धरायचे आणि उरलेल्या हाताने काम करायचे. सुटलेला वायसर खाली पडत नाही; तो तरंगत पंख्याच्या जाळीकडे जातो, म्हणून हरवलेली वस्तू आधी तिथे शोधतात. प्रत्यक्षात अशी कामे किती किरकोळ गोष्टींवर अडतात त्याचे एक उदाहरण देतो. २०१२ मध्ये सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर वीजवाटपाचा एक मोठा संच बदलायला गेले, तेव्हा एक बोल्ट काही केल्या पुरता बसेना. आट्यांत धातूचा बारीक कीस अडकला होता. काही दिवसांनी, ५ सप्टेंबर रोजी, ते पुन्हा बाहेर गेले ते टूथब्रशपासून बनवलेले अवजार घेऊन. त्याने आटे साफ केले आणि बोल्ट बसला. त्याआधी २०१० च्या जुलैअखेरीस त्याच स्थानकाच्या अमोनियाच्या दोन शीतकरण-फेऱ्यांपैकी एकीचा पंप बंद पडला होता. तो बदलायला ऑगस्टमध्ये तीन अंतराळपदभ्रमणे करावी लागली, आणि पहिल्या खेपेत तर नळीची एक जोडणीच सुटायला तयार नव्हती. पंप म्हटल्यावर बादलीएवढी वस्तू डोळ्यांपुढे येते. हा पंपाचा संच सुमारे ३५५ किलोंचा आहे. आपली वीस मिनिटे मला जरा जास्तच आशावादी वाटतात.

चौथी गोष्ट कदाचित आपल्या तिसऱ्या प्रसंगाला उपयोगी पडेल. रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसते आणि एखादा अलार्म वाजला की पाळीवरचा इंजिनिअर एकटा खाली उतरतो. उतरताना तो एक यंत्रणा चालू करतो, तिला आम्ही ‘डेड मॅन अलार्म’ म्हणतो. ठरावीक वेळाने तिची कळ दाबावी लागते. दाबली नाही, तर वर आणि इतर इंजिनिअरांच्या खोल्यांत घंटा वाजते : खाली गेलेला माणूस उत्तर देत नाही, जाऊन पाहा.


कातरवेळ :

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी मला भीती वाटते ती वेगळीच. हे सारे मिस्त्रीच्या अंगावर चढवले तर तो दुय्यम पात्र राहणार नाही, प्रदर्शन होईल. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावणे, पाय अडकवणे, वायसर तरंगणे, टूथब्रश, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, एवढे सगळे तीन प्रसंगांत कोंबलेले वाचायला लागले तर मी ती पाने उलटून पुढे जाईन. धागाकर्त्याने स्वतःच म्हटले आहे की त्याला मुख्य पात्र करायचे नाही. माझ्या मते एका प्रसंगात एकच तपशील असावा, तोही कथेतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून. लपून आलेली ती मुलगी त्याला कान लावून ऐकताना पाहते आणि तिला वाटते की तो प्रार्थना करीत आहे, एवढे पुरे. बाकी माहिती लेखकाच्या वहीत राहू द्यावी.

मृत्यूविषयी : काढून टाका. दुय्यम पात्राला मारून नायकाला शहाणे करणे ही फार जुनी पळवाट आहे.


निशाचर वाचक :

@कातरवेळ, प्रार्थनेचा प्रसंग सुरेख सुचवला आहे, तो धागाकर्त्याने अवश्य घ्यावा. मात्र माहिती कमी करा, या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. जी माहिती केवळ वातावरणनिर्मितीला आहे ती काढावी. जिच्यामुळे निर्णय बदलतो ती काढली, तर पुन्हा आचारीच उरेल.

१९८५ मधले सोव्हिएत संघाचे साल्युत ७ हे स्थानक घ्या. फेब्रुवारीत त्याच्याशी संपर्क तुटला. जूनमध्ये व्लादिमीर जानिबेकोव आणि व्हिक्तर साविनिख सोयुझ टी-१३ या यानातून तिथे पोहोचले, तेव्हा स्थानक वीज नसलेले, अंधारे आणि गोठलेले होते. पुढे जे कारण सापडले ते कोणत्याही कादंबरीत शोभावे असे आहे. विद्युतघट किती भरले आहेत हे सांगणारा संवेदक बिघडला होता. घट रिकामे होत असतानाही तो ‘भरले आहेत’ असेच सांगत राहिला, त्यामुळे स्वयंचलित यंत्रणा सौरपट्ट्यांची वीज घटांपर्यंत जाऊ देत नव्हती. दोघांनी घट थेट सौरपट्ट्यांना जोडले, सोयुझच्या इंजिनांनी अख्खे स्थानक सूर्याकडे वळवले आणि हळूहळू त्यात जीव आणला.

आपल्या दुसऱ्या प्रसंगात नेमके असेच काही हवे आहे. वर कप्तानासमोर सर्व दिवे हिरवे आहेत, खाली मिस्त्री म्हणतो आहे की दिवा खोटे बोलतो, आणि त्याच्याकडे स्वतःच्या हाताकानांखेरीज दुसरा पुरावा नाही. यात वाचकाला काय कळले पाहिजे? एवढेच, की दोघांपैकी एकावर विश्वास ठेवायचा आहे आणि त्यासाठी वेळ कमी आहे.


पानगळ :

मृत्यूविषयी चर्चा पुरेशी झाली नाही, म्हणून लिहिते.

माझा आक्षेप मृत्यूला नाही, तर त्यानंतर काहीच न बिघडण्याला आहे. एका जुनाट यानावरचा एकमेव मेकॅनिक मेला, आणि पुढच्या शंभर-दीडशे पानांत ते यान युद्धात उतरते, पाठलाग करते, बहुधा जिंकतेही. मग आधी त्याची गरज काय होती? कप्तान रडतो हे ठीक आहे. पण रडून झाल्यावर शीतकरणाचा पंप कोण पाहणार? खरा शोक तिथे दिसायला हवा. डॉक्टर पाना हातात घेऊन उभा आहे आणि कोणती झडप आधी बंद करायची हे त्याला कळत नाही, कारण मिस्त्रीने नळ्यांवर खडूने केलेल्या खुणांचा अर्थ त्याने कोणालाच सांगितलेला नाही. दोन खुणा सारख्याच दिसतात. वैमानिक म्हणते की डावी असावी, आणि तिच्या आवाजावरूनच कळते की ती अंदाज करीत आहे. अशी दोन पाने आली तर कप्तानाच्या हृदयपरिवर्तनाचे भाषण आपण निश्चिंतपणे कापू शकाल. ‘चौथा इंजिनिअर’ यांनी सांगितलेला अलार्म तर माझ्या डोक्यातून जात नाही. तो दर वेळी मिस्त्रीच बंद करीत असे. आता तो वाजतो आहे आणि बंद कसा करायचा हे कोणाला ठाऊक नाही.

आणखी एक उणीव जाणवली. आपल्या मिस्त्रीला स्वतःचे काहीच नको आहे. तो इशारा देतो, दुरुस्ती करतो, मरतो. मधल्या काळात त्याला पगाराची, रजेची, बढतीची, कशाचीच पर्वा नाही. १९७९ च्या ‘एलियन’मध्ये पार्कर आणि ब्रेट हे दोघे यंत्रविभागातले आहेत, आणि प्रेक्षकाला त्यांची पहिली ओळख होते ती ‘आम्हाला इतरांपेक्षा कमी बोनस मिळतो’ या कुरबुरीतून. यान अवाढव्य आहे, संकट अकल्पनीय आहे, आणि हे दोघे पैशांवर अडून बसले आहेत. त्यामुळेच ते खरे वाटतात. मिस्त्रीचा मागच्या फेरीचा पगार थकलेला असू द्या. ‘आज निघू नका’ या त्याच्या वाक्याकडे मग कप्तान संशयाने पाहील : हा खरोखर शीतकरणाविषयी बोलतो आहे की पैशांसाठी अडवून धरतो आहे? पहिल्या प्रसंगात कप्तान सध्या केवळ हट्टी दिसतो. थकलेला पगार आला की त्याच्याकडेही न ऐकण्याचे कारण असेल.

नावाबद्दल माझे मत असे की ते देण्याची घाई करू नये. नाव नसलेली पात्रे पुढे कुठवर जातात याचा नेम नसतो. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या १९८७ मधल्या पहिल्या भागात अभिनेते कॉल्म मीनी यांच्या पात्राला नावच नव्हते, तेच पुढे माइल्स ओब्रायन झाले आणि १९९३ पासून ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत एका अख्ख्या स्थानकाची डागडुजी सांभाळू लागले. अर्थात आपला मिस्त्री मरणार असल्याने त्याला ती संधी नाही. त्याचे नाव कुठे यायचेच असेल तर थकलेल्या पगाराच्या नोंदीत यावे, शोकसभेत नको.


अपूर्णांक :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या तपशिलाने उत्तरे येतील अशी अपेक्षा नव्हती.

सध्या माझे असे ठरते आहे. इंजिन मिस्त्रीच बंद करील आणि कप्तानाला न विचारता बंद करील. त्याच्याकडे शीतकरणाचा पंप आणि संडास एवढेच असेल; मुख्य इंजिनाला तो हात लावणार नाही. वीस मिनिटांत चालू होते ते मुख्य इंजिन नव्हे, तर कोठाराकडून काढून आणलेला लहान पंप, आणि त्यामुळे ती मुलगी जिथे लपली आहे तिथली हवा खेळती राहणार नाही. थकलेला पगारही घेतो आहे. ‘कातरवेळ’ यांची मृत्यू काढण्याची सूचना मात्र मी स्वीकारत नाही, कारण ‘पानगळ’ यांनी म्हटल्याप्रमाणे मृत्यूनंतरची पाने लिहिण्यात मला अधिक रस वाटू लागला आहे. एका प्रसंगात एकच तपशील, हा त्यांचा नियम मात्र पाळीन, निदान प्रयत्न करीन.

एक अडचण उरते. वर दिवा हिरवा आहे आणि पंप प्रत्यक्षात काम करीत नाही, हे मिस्त्रीला नेमके कशावरून कळेल? संवेदक बिघडला एवढे म्हणणे मला सोयीचे वाटते, पण ते साल्युतवरून उचलल्यासारखे होईल. ‘चौथा इंजिनिअर’ यांना विनंती की त्यांनी शक्य असल्यास एखादा साधा, शक्यतेतला बिघाड सुचवावा.


चौथा इंजिनिअर :

संवेदक बिघडवण्याची गरजच नाही. तो जे मोजायला बसवला आहे ते तो बरोबर मोजत असू द्या.

बऱ्याच ठिकाणी ‘पंप चालू’ असे दाखवणारा दिवा मोटरला वीज मिळते आहे एवढेच सांगतो. नळीतून द्रव वाहतो आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. मोटर आणि पंप यांना जोडणारे कपलिंग तुटले तर मोटर फिरत राहते, पंपाचे पाते जागच्या जागी उभे राहते आणि दिवा हिरवाच असतो. जुन्या यानात पैसे वाचवण्यासाठी प्रवाह मोजणारे उपकरण काढून टाकलेले आहे किंवा कधीपासून बंद पडले आहे, असे आपण दाखवू शकता. थकलेल्या पगाराशी ते जुळेलही.

मिस्त्रीला पहिली खूण आवाजातून मिळेल. मोटरवर भार उरला नाही की तिचा आवाज हलका होतो, काहीसा मोकळा, आणि नवख्या माणसाला वाटते की यंत्र आज छान चालले आहे. अ‍ॅमीटर जवळ असेल तर त्यावर विजेचा आकडाही खाली आलेला दिसेल. दुसरी खूण नळीवर मिळेल. प्रवाह चालू असताना इंजिनाकडून परतणारी नळी दूरवर गरम लागते, कारण गरम द्रव पुढे पुढे सरकत असतो. प्रवाह थांबला की इंजिनालगत नळी हात लावू नये इतकी तापते आणि चार हात पलीकडे ती गार पडलेली असते. मिस्त्रीने आधी पलीकडच्या टोकाला उलटा हात लावावा, तळवा नव्हे. पोळलाच तर तळहात शाबूत राहतो आणि पुढे पाना धरता येतो. तिथे नळी गार लागली, तर इंजिनाजवळ जाऊन पाहण्यात वेळ घालवायचे कारण नाही. त्याने तिथूनच कळ ओढायला निघावे.